शिशाची वाट

माझ्या थोरल्या भावानं आमच्या प्रयोगशाळेच्या दारात मेलेली मेंढी आणून ठेवली, तेव्हा मी दिल्लीहून आलेल्या तीन पाहुण्यांना नवं सूक्ष्मदर्शक दाखवत होते. बिरादादानं चपला बाहेर काढल्या. गुळगुळीत फरशी दिसली की त्याला ते देऊळच वाटतं. पाहुण्यांकडे मात्र त्यानं ढुंकूनही बघितलं नाही.

"डॉक्टरीणबाई, तुमी मेंढरावर धा वर्सं शिकलाय," तो म्हणाला. "ही सातवी. बगा आन सांगा कशानं मेली."

तो मला 'तुमी' म्हणाला की समजायचं, पारा चढलाय. एरवी मी वैजी. कागदावर डॉ. वैजयंता पुकळे, मेंढी संशोधन केंद्रातली जिवाणूशास्त्रज्ञ. पण जन्म माणदेशातल्या मेंढपाळाच्या पालावरचा, आणि कोकरांच्या आधी मला कुणी उचलून घेतल्याचं काही आठवत नाही. पाहुण्यांना चहाला पाठवलं आणि मेंढी टेबलावर घेतली.

आतडं उघडलं तर त्याचं अस्तर जागोजागी सोलवटलेलं. यकृताचा आणि मूत्रपिंडाचा तुकडा यंत्रात घातला. शिसं इतकं निघालं की मी यंत्रच बिघडलं समजून दुसरा तुकडा घातला. तेच उत्तर आलं, आणि सोबत कॅडमियमही.

"दादा, चारतोस कुठं?"

"करंजमाळावर."

"त्या कारखान्यांच्या मागं? तिथलं गवत कुणी चारतं का?"

"मग कुठं चारू?" तो भडकला. "वाटंवरची गायरानं उन्हावर वीज करायच्या काचांनी झाकली. डोंगराला तारा मारल्या. फागुनानंतर हिरवं म्हणशील तर तेवढंच एक हाय. तुज्या फरशीवर चारू?"

ही गोष्ट दोन हजार छत्तीस सालची. करंजमाळला तेव्हा देशभरातल्या जुन्या बॅटऱ्या येत. त्या फोडायच्या, गाळायच्या, धातू वेगळे करायचे; उरलेलं पाणी ओढ्याला. त्या पाण्यावर मागचा माळ बारमाही हिरवा राहायचा. तो का हिरवा आहे, हे विचारण्याची चैन मेंढपाळाला परवडत नव्हती. दादासारखे चाळीसेक कळप उन्हाळ्यात तिथं चरत आणि मेंढरं मरायला लागली की ती पुरून पुढं जात.

थोडं शास्त्र सांगते. मेंढी गवत खाते असं आपण म्हणतो. खरं म्हणजे मेंढी गवत गोळा करते आणि तिच्या पोटातले जिवाणू ते खातात. पोटाचा पहिला कप्पा म्हणजे अब्जावधी जिवाणूंची वस्ती. ते गवत आंबवतात, त्यातून जे तयार होतं त्यावर मेंढी जगते. शिसं आत आलं की आधी ही वस्ती उठते. मग आतड्याचं अस्तर फाटतं आणि त्या फटीतून शिसं रक्तात शिरतं. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत जागा देतं. मेंढी दात खाते, गोल गोल फिरते, गाभ टाकते आणि मरते.

"समद्या मरत्यात आसं न्हाय," दादा जाता जाता म्हणाला. "कानतुटी बग. तीन उन्हाळं तितलंच खातीया, आन दरसाल कोकरू देतीया. तिच्यावर देवाचा हात हाय."

देवाचा हात बघायला मी दुसऱ्याच दिवशी गेले. कानतुटी ही एक म्हातारी, खडूस मेंढी होती. तिच्या घशातून नळी घालून पोटातलं पाणी काढताना तिनं माझ्या गुडघ्यावर अशी ढुशी मारली की आठवडाभर मी लंगडत होते. पण त्या पाण्यात मला तो सापडला. एक जिवाणू, अंगावर चिकट साय असलेला. त्या सायीतल्या प्रथिनांवर गंधकाचे अणू होते आणि गंधक शिशाला, कॅडमियमला घट्ट धरतं. आतड्यापर्यंत पोचण्याआधीच धातू या सायीत अडकत होता आणि लेंडीतून बाहेर पडत होता. तीन वर्षं विष पचवता पचवता कानतुटीच्या पोटानं स्वतःचं औषध शोधलं होतं.

तो जिवाणू वाढवायला, तपासायला दोन वर्षं गेली. आम्ही त्याला सात आकडी क्रमांक दिला. दादा त्याला 'राखण' म्हणाला आणि तेच नाव पडलं. एका घोटात डोस पाजायचा. सोबत बोटाएवढी एक गोळी गिळवायची. ती मेंढीच्या पोटात राहते आणि आतली आम्लता, उष्णता, वायू आणि मेंढी कुठं आहे तेवढं कळवत राहते. पोट नीट असेल तर माझ्या पडद्यावर हिरवा ठिपका, बिघडलं तर लाल.

दोन हजार एकोणचाळीसच्या उन्हाळ्यात करंजमाळावरच्या एक्केचाळीस कळपांतले जवळजवळ सगळे ठिपके हिरवे होते. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. दादानं पालावर पुरणपोळीचा बेत केला. ठकूवहिनी माझ्या कपाळाला कुंकू लावताना रडली. मला पुरस्कार मिळाला, केंद्राला अनुदान मिळालं. अनुदान करंजमाळच्या कारखानदारांच्या संघानं दिलं होतं, याकडे मी फार लक्ष दिलं नाही. त्यांनी महामार्गावर मोठा फलक लावला, त्यावर गुबगुबीत मेंढी आणि खाली 'निरोगी मेंढी, निरोगी परिसर'. ओढ्यावर पाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प व्हायचा होता, तो त्याच वर्षी बारगळला. मेंढरं मरत होती तोवर निदान बोंब तरी होत होती.

दादाला ते लगेच कळलं. "रोग हल्याला आन औषीद पखालीला," फलकाकडे बघून तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, अरे, तुझी मेंढरं तर जगली ना?

दोन हजार एक्केचाळीसच्या मार्गशीर्षात बोरजाईहून द्वारकाकाकी धुमाळांचा फोन आला. काकींचं रान आमच्या वाटेवरचं. आमचा बाप तरुण होता तेव्हापासून पुकळ्यांची मेंढरं करंजमाळावरून खाली आली की चार रात्री काकींच्या रानात बसतात. रोज संध्याकाळी शेतात वाघर लावायची. वाघर म्हणजे खुंट्यांवर ताणलेलं दोरीचं जाळं. मेंढरं रात्रभर त्यात बसतात, लेंड्या टाकतात, मुततात, आणि तेवढ्या जागेचं सोनं होतं. दुसऱ्या दिवशी वाघर पुढं सरकवायची. बदल्यात शेतकरी धान्य देतो, पाणी देतो, आजारपणात ओसरी देतो. काकींनी आमच्या आईचं एक बाळंतपण केलेलं आहे.

"वैजू, तू शिकलेली हायस म्हून तुलाच फोन लावला," काकी म्हणाल्या. "बाजार समितीच्या कमानीत माजी मेथी लाल झाली गं."

बाजार समित्यांच्या दारात आता तपासणीची कमान असते. भाजीची पाटी तिच्याखालून जाते, वरून क्ष-किरणांचा झोत पडतो, आणि भाजीत धातू असला तर दिवा लाल होतो.

"एकदा न्हाय, दोनदा. समद्यांच्या म्होरं. आडत्या म्हनला, काकी, तुमच्या भाजीत इख हाय. चाळीस वर्सं भाजी इकतीया मी." मग आवाज खाली आला. "सून सातव्या म्हैन्याची हाय. रगताला चांगली म्हून मेथी तिलाच जास्ती घातली."

मी त्याच दुपारी निघाले. वाटेत सगळी यादी मनात तयार होती: विहीर, कालव्याचं पाणी, रासायनिक खत. काही स्फुरद खतांत कॅडमियम असतं, हे शास्त्रज्ञाला पाठ असतं.

"खताची चिमूट पडली न्हाय माज्या रानात, धा वर्सं झाली," काकी म्हणाल्या. "तुज्या भावाची मेंढरं बसत्यात, तेवढंच."

हे मी ऐकलं, मान डोलावली आणि विहिरीचं पाणी तपासायला गेले. काखेत कळसा म्हणतात तो असा.

पाणी स्वच्छ होतं. मग मातीत खुपसायचं यंत्र घेतलं आणि तीन-तीन पावलांवर रान मोजत गेले. आकडे फोनवर नकाशा काढत होते. दोन तासांनी बांधावर बसून तो नकाशा उघडला. सगळं रान पिवळसर आणि त्यात लाल चौकोन. ओळीनं बसवलेले, एकसारखे, एकूण बारा. तीन वर्षं, वर्षाला चार रात्री.

त्या चौकोनांची बाजू मला मोजावी लागली नाही. लहानपणी रोज संध्याकाळी बापाबरोबर मी त्या खुंट्या ठोकल्या आहेत. एका बाजूला चोवीस पावलं.

मी तिथंच केंद्राचा पडदा फोनवर उघडला. मेंढरांच्या पोटातल्या गोळ्यांनी तीन वर्षांत कळवलेल्या सगळ्या जागा एकावर एक मांडल्या. करंजमाळापासून निघालेल्या एक्केचाळीस वाटा, प्रत्येक वाटेवर मुक्काम, आणि प्रत्येक मुक्काम कुणाच्या तरी रानात. कुठं भाजी, कुठं भुईमूग, कुठं शाळेच्या जेवणाला जाणारा पालक. ठिपके मात्र सगळे हिरवे. मेंढरांची पोटं उत्तम होती.

झालं होतं ते असं. पूर्वीही मेंढीनं खाल्लेलं बरंचसं शिसं लेंडीतूनच जायचं; पण पूर्वी मेंढरं मरायला लागली की मेंढपाळ आठवड्यात करंजमाळ सोडायचा. राखण मिळाल्यावर तो तिथं दोन-दोन महिने राहू लागला. आणि राखण धातू पकडते ती लगेच सोडत नाही. चिकट सायीचे ते जिवाणू पोटात रेंगाळतात आणि धातू हळूहळू, वीस-एकवीस दिवस लेंडीत उतरत राहतो. तेवढ्या दिवसांत कळप शंभर मैल जातो. रानात लेंडी कुजली की साय विरते आणि मोकळं झालेलं कॅडमियम पालेभाजी आधी ओढते. मी मेंढी वाचवली आणि विषाला पाय दिले.

माझ्या अहवालात एक वाक्य होतं: 'धातूंचा निचरा विष्ठेवाटे सुरक्षितपणे होतो.' 'सुरक्षितपणे' हा शब्द माझा. केंद्रातल्या प्रयोगात मेंढ्या पिंजऱ्यात उभ्या होत्या, मागं पिशव्या बांधलेल्या. लेंडी पिशवीत पडायची, तिचं वजन व्हायचं, आणि पिशवी कचऱ्यात जायची. लेंडी पडली की माझ्या लेखी गोष्ट संपत होती. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर 'शहरातलं माणूस, त्याला काय कळतंय' म्हणून मी हसले असते. मी मेंढपाळाची लेक. आमच्यात लेंडी ही घाण कधीच नव्हती. तिच्यावरच आम्ही भाकरी खाल्ली. दहा वर्षं शिकताना हे एवढंच मी विसरले होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि अजून वाटते.

काकींना मी म्हणाले, मेथी कुणी खाऊ नका, सुनेचं रक्त तपासूया. कारण सांगायचं धैर्य त्या दिवशी झालं नाही.

केंद्राचे संचालक डॉ. टिपणीस सज्जन माणूस. त्यांनी नकाशा बराच वेळ बघितला.

"धातू आधीही लेंडीतूनच जात होता ना? मग दोष राखणीचा कसा?"

"आधी कळप तिथं दोन महिने राहत नव्हते, सर. राखण आहे म्हणून राहतात. आणि ती धातू साठवून वाटेवर नेते."

"हे प्रसिद्ध झालं तर मेंढपाळांना शेतात कोण उभं करेल? तुमच्या भावाला कोण उभं करेल?" त्यांनी चष्मा काढला. "'आणखी अभ्यास आवश्यक आहे' असं लिहू. दोन वर्षं अभ्यास करू. तोवर काहीतरी मार्ग निघेल."

वाईट वाटलं ते याचं, की रात्रभर मीही तोच विचार केला होता. दादाचा कळप तीनशेचा. रानात बसायची सोय गेली तर त्याला वर्षाचं धान्य नाही आणि वाटेवर ओळखीचा उंबरा नाही. गप्प राहिले तर एक्केचाळीस वाटांवरच्या काकी आणि त्यांच्या सुना. मी नव्या अहवालाचा मसुदा खिशात घातला आणि आधी दादाकडे गेले. त्याला वर्तमानपत्रातून कळू द्यायचं नव्हतं.

त्याचं पाल बोरजाईच्या पुढं, एका नदीकाठी होतं. दुपारची वेळ, मेंढरं सावलीला. ठकूवहिनी भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. दादा ऐकताना काठीनं मातीत रेघा ओढत होता.

"म्हंजी मेंढरू मेलं तरी मी मेलो, आन जगलं तरी मीच मेलो," तो शेवटी म्हणाला.

"दादा..."

"दादा म्हनू नगंस. डोस कुणी पाजला? तू. सुरक्षित हाय म्हून कुणी सांगितलं? तू. आन परवा मला म्होरच्या गावात वाघर लावायचीया. त्या मानसाला काय सांगू? माजी भन शास्त्रज्ञ हाय, तिला लेंडी कुठं पडती ते ठावं न्हवतं?"

वहिनी म्हणाली, "आवं, आसं काय बोलताय..."

"बोलू दे," मी म्हणाले. "खरंच आहे."

दादा उठून मेंढरांत गेला. त्याला राग आला की तो तिथंच जातो. वहिनीनं मला भाकरी वाढली. बऱ्याच वेळानं तो परत आला आणि पहिला प्रश्न वेगळाच विचारला.

"काकींच्या सुनंचं काय?"

"रक्तात सापडलंय. धोक्याच्या रेषेला टेकलंय. मेथी बंद केलीय, डॉक्टर लक्ष ठेवून आहेत. बाळाचं आत्ता सांगता येत नाही."

तो माझ्या समोर येऊन बसला. त्या सुनेच्या लग्नात त्यानं गजीनृत्याचा ढोल वाजवला होता.

"करंजमाळ सोडला तर?" मी विचारलं.

"सोडीन. म्होरच्या उन्हाळ्यात काय खायला घालू? तुजं यंत्र? जवर ओढा साफ हुत न्हाय आन गायरानं मोकळी हुत न्हाईत, तवर तितंच जावं लागंल. मी न्हाय गेलो तर बाकीचं जात्यालच." त्यानं बोटं मोजली. "पोटातनं समदं जायला किती दिस म्हनलीस?"

"एकवीस."

"म्हंजी करंजमाळावरनं उतरलं की एकवीस दिस एका जागी बसायचं. चारा इकत आणायचा, चांगला. लेंडी तितंच पडंल. मग कुणाच्या बी रानात जायला मोकळं. बराबर?"

बरोबर होतं. तीन वर्षं पडद्यासमोर बसून मला जे सुचायला हवं होतं, ते त्यानं बोटांवर मोजून काढलं.

"पण बसायचं कुठं?" मी म्हणाले. "कारखान्यांच्या आवारात बसवायला पाहिजे खरं तर. त्यांचं त्यांना परत."

"मेलेली मेंढी घिऊन गेलो हुतो तवा फाटक बी उघडलं न्हाय त्यांनी. तू खटला घाल. घालच. पर खटला चालंल धा वर्सं, आन मेंढरू खातंय रोज." त्यानं काठीनं गावाकडची वाट दाखवली. "आपलं रान हाय की."

गावाकडं आमचं तीन एकर रान. बापानं आयुष्यभर मेंढरं राखून घेतलेलं. मरायच्या आधी त्यानं सातबाऱ्यावर निम्म्यावर माझं नाव चढवलं, भावकीच्या नाकावर टिच्चून. वाटेपासून आत, सखल, भोवती कुणाची विहीर नाही.

"माझं दीड एकर तर धरच," दादा म्हणाला. "पर तीनशे मेंढरं एकवीस दिस बसायची तर पुरं पडायचं न्हाय. तुज्या वाट्याचं बी लागंल."

खरं सांगते, माझ्या तोंडून लगेच हो आलं नाही. त्या दीड एकरावर निवृत्तीनंतर चार खोल्या बांधायच्या, समोर लिंब लावायचा, असं माझं ठरलेलं होतं. नवऱ्यालाही मी ती जागा दाखवून ठेवली होती.

"दादा, कॅडमियम मातीतून जात नाही. शिसं तर शेकडो वर्षं राहतं. ते रान परत कधी पिकाचं होणार नाही."

"ठावं हाय. आत्ताच तर सांगितलंस."

"बापानं घेतलेलं आहे ते."

"बापानं घेतलं ते लेंडीवरच घेतलं की," दादा म्हणाला. "कुणाच्या तरी रानात जाणार ते. काकींच्या जाण्यापरीस आपल्या जाऊ दे."

मी हो म्हणाले.

अहवाल मी माझ्या नावानं दिला, टिपणीसांची सही न घेता. पुढं जे झालं ते सरळ नव्हतं. माझ्यावर चौकशी बसली, पुरस्काराचं मानपत्र परत मागवलं. कारखानदारांच्या संघानं पत्रक काढलं की दोष मेंढ्यांचा आहे, आणि फलक एका रात्रीत गायब झाला. मेंढपाळांच्या बैठकीत दोघांनी मला तोंडावर शिव्या घातल्या. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. तिघांनी मेंढरं विकली. पण सव्वीस कळपांनी एकवीस दिवसांचा मुक्काम कबूल केला. कुणी स्वतःचं पडीक रान दिलं, कुणी गावाकडून खडकाळ माळ मागून घेतला. ओढ्याचा खटला उभा राहिला. त्यात पुरावा म्हणून माझा नकाशा आहे, वाटांसकट.

द्वारकाकाकींना सांगायला दादा स्वतः गेला. मी येते म्हणाले तर नको म्हणाला. पटका काढून तो ओसरीखाली उभा राहिला आणि सगळं सांगितलं. काकींनी त्याला पाणी दिलं.

"तू सांगितलंस म्हून कळलं तरी," मग त्या म्हणाल्या. "पर माजं रान गेलं की रं बिरा."

यंदा येऊन बस, असं त्या म्हणाल्या नाहीत. दादा हे मला सांगताना दुसरीकडे बघत होता. सुनेला मुलगी झाली. वजन थोडं कमी आहे, बाकी दिसायला ठीक आहे. शिशाचं काय ते मूल बोलायला, चालायला लागल्यावर कळेल. मी दर महिन्याला जाते. काकी चहा देतात. काकींच्या लाल चौकोनांतली वीतभर माती खरवडून आम्ही आमच्या रानात आणून टाकली. त्याला पंधरा दिवस लागले.

आमच्या रानाभोवती दादानं आणि मी मिळून उंच बांध घातला, पावसाचं पाणी बाहेर जाऊ नये म्हणून. मातीत चुना मिसळला. चुन्यानं कॅडमियम मातीत बांधून राहतं. कडेनं एरंड लावला. तो मातीतला धातू थोडा थोडा ओढतो आणि कुणी खात नाही, मेंढीसुद्धा नाही. पुढच्या वर्षी उन्हाळा संपताना कळप करंजमाळावरून उतरला आणि कुणाच्याही रानात न थांबता थेट गावाकडं आला. कळपापुढं दादा होता. चाऱ्याचा टेम्पो आधीच येऊन उभा होता.

बांधावर पाटी लावायची होती. मी केंद्राच्या पद्धतीनं मजकूर लिहून आणला होता: 'धातुप्रदूषित क्षेत्र. खाद्यपिकांस प्रतिबंध.'

दादानं ती वाचली. तो चौथीपर्यंत शिकलाय, पण वाचतो ठणठणीत.

"ही कुणाला कळायची? पन्नास वर्सांनी हितं कोण आसंल? तू न्हाय, मी न्हाय. बांध फुटंल, एरंड वाळंल, कुणीतरी म्हनंल, काय झकास रान पडून ऱ्हायलंय. त्याला कळंल आसं लिही."

"मग तूच सांग."

तो बांधावर टेकला. मेंढरं वाटेवर खोळंबली होती, पुढची ओरडत होती. मी पाटी उलटी केली आणि कुंचला हातात घेतला. तो सांगत गेला तसं मी लिहीत गेले. त्याचा एकही शब्द बदलला नाही.

'बाबा, ह्या रानातलं कायबी खाऊ नगंस. हितं इख हाय. दुसऱ्याच्या रानात जाऊ न्हाय म्हून आमी हितं ठेवलंय. आमाला ठावं हुतं. — बिरा पुकळे, वैजयंता पुकळे.'

"तुजं नाव फुडं घे," तो म्हणाला. "रान तुजं बी हाय."

मी म्हटलं, राहू दे, थोरला तू. मग आम्ही पाटी रोवली, वाघर ताणली आणि मेंढरं आत घेतली.